कुलूप नसलेला पत्ता

पेठेतल्या एका छापखान्याचे मॅक मी बारा वर्षं सांभाळतोय. सप्टेंबरअखेर तिथून फोन आला की ओळखायचं, दिवाळी अंकाची पानं अडकली. या वेळी २०११ च्या आयमॅकची हार्ड डिस्क गेली होती. फाइली बाहेरच्या डिस्कवर शाबूत होत्या, हे छापखान्याच्या मालकांचं, म्हणजे काकांचं, नशीब. सक्शन कप लावून काच उचलली, स्क्रीन सोडवला, एसएसडी, म्हणजे नव्या धर्तीची डिस्क, बसवली. हे काम हाताला पाठ आहे.

खरी कटकट पुढे. लोक म्हणतात, टाका की नवीनात नवीन सिस्टीम. त्या मशीनवर ॲपलच्या हिशोबानं हाय सिएरा नावाच्या सिस्टीमपर्यंत जाता येतं. पण काकांचं पान लावायचं सॉफ्टवेअर जुनं, आणि फॉन्ट त्याहून जुने, युनिकोडच्या आधीचे. त्यांत ‘क’ हा क नसतोच. कुठल्यातरी इंग्रजी अक्षराच्या घरात क चं चित्र बसवलेलं असतं. फॉन्ट चालला नाही की संपादकीयाच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि कंस. काकांचा हा सगळा संसार त्याहून जुन्या एल कॅपिटन सिस्टीमवर सुखानं चालतो, म्हणून एल कॅपिटनच हवं.

मी पोचायच्या आधीच काकांच्या पुतण्यानं एल कॅपिटन बसवायचा पेन ड्राइव्ह करून ठेवला होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. असल्या मुलांचा मला धसका आहे. ‘फ्री डाउनलोड’ शोधायचं, पहिलं हिरवं बटण दाबायचं, आणि मग निस्तरायला आम्ही.

“कुठून घेतलंस?”

“ॲपलच्या सपोर्ट पानावरून, दादा.”

त्यानं पत्ता दाखवला. सुरुवातीला नुसतं एचटीटीपी, पुढे एस नाही, म्हणजे सुरक्षित जोडणीचं कुलूप नाही. आणि साइट ॲपल डॉट कॉमसुद्धा नाही. सीडीएन, मग आडवी रेघ, मग ॲपल. काकांच्या देखत मी सांगून टाकलं, “हे बनावट आहे.”

तरी पेन ड्राइव्ह लावला. का, तर पोराला दाखवायला. ऑप्शन दाबून मशीन सुरू केलं, वायफाय बंद ठेवलं आणि सवयीनं टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, उघडून तारीख मागे नेली. महिना, दिवस, तास, मिनिटं, वर्ष असे दहा आकडे. मी २०१६ चा जानेवारी टाकतो. इन्स्टॉलर म्हणजे सिस्टीम बसवणारी फाइल, आणि तिच्यावर ॲपलची डिजिटल सही असते. जुन्या इन्स्टॉलरवरच्या सहीच्या सर्टिफिकेटची मुदत २४ ऑक्टोबर २०१९ ला संपली. फाइल चांगली असली तरी तेव्हापासून मशीन तिला खराब ठरवतं. घड्याळ मागे नेलं की गप्प बसतं. ही युक्ती माहीत असल्याचा मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

इन्स्टॉलर अडला. ही प्रत पडताळता येत नाही, डाउनलोड होताना बिघडली असेल किंवा कुणी हात लावला असेल, असा संदेश आला. “बघा,” मी म्हणालो. काका पुतण्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही. कामगार ऐकत होते.

मग माझा ड्राइव्ह लावला. लायनपासून मोहावेपर्यंत मॅकची प्रत्येक जुनी सिस्टीम त्याच्यावर आहे, आमच्या धंद्यात अशी डिस्क म्हणजे डॉक्टरची बॅग. गाडी सुरळीत चालू लागली. पट्टी अर्ध्यावर आली तेव्हा पोरगं हळूच म्हणालं, “दादा, तारीख का बदललीत?”

मी ऐटीत समजावलं.

“पण माझ्या लिंकमध्येच २०१९ लिहिलंय.”

पत्ता पुन्हा पाहिला. साइटच्या नावापुढे २०१९, मग ‘सर्ट’, आणि त्यापुढच्या लांबलचक आकड्यांत २०१९१०२४. जुनी मुदत संपली त्याच दिवसाची तारीख. ॲपलनं तेव्हा या जुन्या फाइली नव्या सहीनिशी पुन्हा ठेवल्या होत्या. म्हणजे या फाइलीवरची सही २०१९ ची, आणि मी मशीनला सांगितलं होतं की आज २०१६ आहे! अजून जन्मच न झालेल्या सहीला मशीन कसं ओळखणार? फाइल ‘बिघडलेली’ ठरली होती ती माझ्याच युक्तीनं.

राहिलं कुलूप. तेही उगाच नव्हतं. जुन्या मॅकवरच्या जुन्या सफारीला आज अर्ध्या सुरक्षित साइट उघडतच नाहीत, तिच्याकडची मूळ सर्टिफिकेटं कालबाह्य झालीत. साधा एचटीटीपी पत्ता तिथेही चालतो. वाटेत कुणी फाइल बदलली तर इन्स्टॉलरच्या पॅकेजवरची सही पकडते. पत्ता पाहायचा तो एवढ्यासाठी, की आपण ॲपलच्या स्वतःच्या पानावरून तिथे पोचलो का.

छापखान्यात एक जुना मॅक मिनी आहे, पोरानं पेन ड्राइव्ह त्याच्यावरच बनवला होता. त्यावर त्याचं आणि माझं, दोन्ही पॅकेजं तपासली. टर्मिनलमध्ये सही तपासायचा हुकूम दिला: पीकेजीयुटिल, पुढे चेक-सिग्नेचर. त्याच्या फाइलीच्या सहीची साखळी थेट ॲपलच्या रूट, म्हणजे मूळ, सर्टिफिकेटपर्यंत गेली, मुदत २०२९ ची.

माझ्या फाइलीपुढे दोनच शब्द: नो सिग्नेचर.

ती मी एका व्यवसायबंधूकडून घेतली होती. त्यानं कुठून घेतली, कधी विचारलं नाही. नव्या मॉडेलवर चालत नाही म्हणून अडवणारी तपासणी काढायला पॅकेज उघडून परत बांधतात, त्यात सही जाते. बहुतेक तेवढंच असेल. पण आत आणखी काय कोंबलंय, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. डिस्कवरून डिस्कवर आलेल्या फाइलीला मॅकसुद्धा ‘इंटरनेटवरून आली’ म्हणून हटकत नाही, त्यामुळे इतकी वर्षं कधी साधी सूचनाही दिसली नाही.

चौदा मिनिटं उरली असताना इन्स्टॉलेशन थांबवलं, एसएसडी पुसली, तारीख आजची केली आणि त्याच्या पेन ड्राइव्हनं पुन्हा सुरुवात केली. या वेळी काही अडलं नाही. रात्री नऊला अनुक्रमणिकेचं पान उघडलं, अक्षरं जागच्या जागी.

पोराची मी माफी मागितली. पण काका चहा सांगायला बाहेर गेले होते तेव्हा. बनावट म्हणताना मात्र सगळे समोर होते. हे अजून टोचतंय.

घरी येऊन जुनी बिलबुकं काढली. त्या फाइलीनं किती मशीन उभी केली याची यादी करतोय. त्यात एक सीए आहेत, दोन दवाखाने आहेत. पहिला फोन दाताच्या डॉक्टरांना केला. “अहो, मशीन तर मस्त चाललंय,” ते म्हणाले, “कशाला हात लावता?”