अजून आला नाही

तो अजून झोपलाय. तो अजून उठला नाही. अजून एक चपाती घे. मराठीत एकटा 'अजून' ही सगळी कामं उरकतो. इंग्रजीत त्याच्या जागी तीन माणसं नेमावी लागतात. झोपलाय म्हणायला 'स्टिल', उठला नाही म्हणायला 'येट', चपातीला 'वन मोअर'.

'येट' नकारात आणि प्रश्नात येतो, बहुधा वाक्याच्या शेवटी: 'ही हॅजन्ट कम येट.' 'स्टिल' मुख्य क्रियापदाच्या आधी, पण 'इज', 'आर'च्या नंतर: 'ही इज स्टिल स्लीपिंग.' नकारातही 'स्टिल' चालतो, फक्त तिथे तो उडी मारून 'हॅजन्ट'च्या पुढ्यात बसतो: 'ही स्टिल हॅजन्ट कम.' अर्थ तोच, सूर निराळा. 'येट'मध्ये नुसती खबर आहे, 'स्टिल'मध्ये दारात ताटकळणाऱ्याचा वैताग. साहेबांना मेल लिहिताना 'येट' बरा. कुरिअरवाल्याला खुशाल 'स्टिल' ऐकवावा.

'कधीच' त्याहून वस्ताद. 'तो कधीच गेला' म्हणजे 'ही हॅज ऑलरेडी लेफ्ट'. त्याला 'नाही' जोडा, की लागतो 'नेव्हर'. हा नकार पोटात घेऊनच येतो, म्हणून 'ही हॅज नॉट नेव्हर गॉन' चुकीचं. 'ही हॅज नेव्हर गॉन' एवढंच पुरे.

सगळ्यात जास्त घोळ 'पासून'चा. 'सिन्स' आणि 'फॉर' ही 'येट', 'स्टिल'सारखी काटेकोरपणे क्रियाविशेषणं नव्हेत, पण काळाच्या चुका इथेच साचतात. 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स' हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. 'सिन्स'ला सुरुवातीची खूण हवी: 2022, सोमवार, दिवाळी. कालावधी सांगायचा तर 'फॉर', आणि क्रियापदही बदलतं: 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स.'

'अगो'चं गणित उलटं. 'दोन दिवसांपूर्वी भेटलोय' मराठीत बिनदिक्कत चालतं, म्हणून इंग्रजीतही 'हॅव' घुसतो. पण 'अगो' संपलेल्या वेळेवर बोट ठेवतो आणि 'हॅव' आजशी नातं सांगतो. दोघांचं पटत नाही. 'आय मेट हिम टू डेज अगो.' 'बिफोर टू डेज' तर नकोच.

'जस्ट'च्या बाबतीत अमेरिकन माणूस 'आय जस्ट एट' म्हणून मोकळा होतो. ब्रिटिश वळणाच्या परीक्षेत मात्र 'आय हॅव जस्ट ईटन' लिहिलेलं बरं.