डाऊट

आमच्या गोव्यातल्या फोंड्यात ट्यूशनची पोरं हात वर करून "टीचर, एक डाऊट आहे" म्हणतात तेव्हा त्यांना कुणाचा संशय वगैरे आलेला नसतो, भूमितीचं गणित अडलेलं असतं, बास. इंग्लंडातल्या माणसाला "आय हॅव अ डाऊट" म्हणालात तर तो जरा सावरून बसेल, याला आपलं बोलणं पटलेलं दिसत नाही म्हणून. मला आपला वापर जास्त आवडतो. "मला कळलं नाही" म्हणायला पोरांना लाज वाटते, "डाऊट आहे" म्हटलं की बाकीचं सगळं कळलंय असा आव तरी आणता येतो. शंका हा चांगला शब्द होता की, पण लघुशंकेने त्याची पार वाट लावली, वर्गात कुणी "शंका आहे" म्हणालं की मागच्या बाकावर करंगळ्या वर.

शाळेबाहेर मात्र हाच डाऊट रंग बदलतो. "त्याने डाऊट खाल्ला" म्हणजे त्याला कुणकुण लागली (मार खातो, बोलणी खातो, भाव खातो, त्यात हेही). उसने पैसे परत मिळतील का विचारलं आणि समोरचा "डाऊटच आहे" म्हणाला की ते पैसे विसरायचे. "नो डाऊट तो हुशार आहे" ऐकलं की मी पुढच्या 'पण'ची वाट बघते. क्रिकेटमध्ये बेनिफिट ऑफ डाऊट बॅट्समनला, कोर्टात आरोपीला, आणि पेपरात "संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता" छापून आलं की वाचणारा हमखास म्हणतो, म्हणजे केलंच असणार ह्याने.

स्पेलिंगमधला तो मुका बी इंग्रजांनी मागाहून घुसडलाय. फ्रेंचांकडून शब्द घेतला तेव्हा तो नव्हता, पुढे पंडितांना लॅटिन दुबितारे आठवलं, मग लिहिण्यात बी आला, बोलण्यात कुणी घेतला नाही. त्या लॅटिन शब्दाच्या मुळाशी 'दोन' आहे, आपल्या द्विधामध्ये आहे तसाच. पोर्तुगीजांचा दूव्हिदा त्याच घरातला, आणि आपल्या कोंकणीतला दुबाव ऐकायला तरी त्यांच्यातलाच वाटतो.

हळदोण्याला नदीकाठी १५९६ सालचं सेंट थॉमसचं चर्च आहे. डाऊटिंग थॉमस म्हणतात तो हाच, येशूच्या जखमेत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणारा. मला तर तो मासळीबाजारातलाच वाटतो. बांगड्याचे कल्ले उचलून लाल आहेत का बघायचं, मग पोटावर बोट दाबायचं, खड्डा तसाच राहिला तर शिळा. परवा एकीने असे दाबून दाबून अख्खा वाटा उलटापालटा केला तशी मासळीवाली कडाडली, "दुबाव आसा जाल्यार व्हरूं नाका गो बाय!" (डाऊट असेल तर नेऊ नका) आणि पाटी मागे ओढली. बाईने मुकाट पिशवी पुढे केली, भावसुद्धा केला नाही.