आधी मोजपट्टी आणा

स्मृतिभ्रंशाच्या उपचारावर संशोधन करायला पैसे मागणाऱ्या माझ्या पहिल्या प्रपोजलवर तज्ज्ञ समितीचा शेरा आला, तो अडीच ओळींचा. 'सुधारणा मोजण्यासाठी सुचवलेली चाचणी या गटातल्या माणसांवर तपासलेली नाही. मग उपचाराने सुधारणा झाली हे कशावरून ठरवणार?' सात महिने वाट पाहून अडीच ओळी. ओपीडी संपवून घरी आले आणि नवऱ्यापुढे दिल्लीतल्या झाडून सगळ्यांचा उद्धार केला. रात्री अकराला तोच कागद पुन्हा वाचला. तेव्हा लक्षात आलं की त्यांचं बरोबर होतं आणि माझ्या बावीस पानांत या प्रश्नाचं उत्तर कुठेच नव्हतं.

मी मनोविकारतज्ज्ञ. बीड आणि लातूर जिल्ह्यांच्या सीमेवरच्या एका खासगी संस्थेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवते. स्मृतिभ्रंशाचे पेशंट माझ्याकडे स्मृतिभ्रंश म्हणून येतच नाहीत. "म्हातारी रातभर जागी असती, झोपंची गोळी द्या" असं म्हणत मुलगा येतो. विसरणं हे दुखणं आहे, हेच कुणाला वाटत नाही. साठी बुद्धी नाठी, विषय संपला. दूध चुलीवर ठेवून स्वतःच्याच गल्लीत वाट चुकलेली बाईसुद्धा 'वय झालं' या दोन शब्दांत बसवतात.

आणि द्यायला माझ्याकडे तरी काय आहे? डोनेपेझिल १९९६ पासून बाजारात आहे, मेमँटिन त्यानंतर आलं. दोन्हींनी लक्षणं थोडी थोपतात, मूळ आजार थांबत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेलं लेकॅनेमॅब मेंदूत साठलेलं अमायलॉइड हे प्रथिन काढतं. पण ते सुरुवातीला तरी दर दोन आठवड्यांनी शिरेतून द्यायचं, मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होतोय का ते बघायला पुन्हा पुन्हा एमआरआय करायचा, आणि बाजारात आलं तेव्हा तिथली वर्षाची किंमत २६,५०० डॉलर. आमच्याकडे एमआरआयची तारीख मिळेपर्यंत माणूस गावी निघून गेलेला असतो.

म्हणून माझा डोळा होता बिनगोळीच्या उपचारावर. इंग्लंडमध्ये आकलनाला चालना देणाऱ्या गटसत्रांची एक पद्धत तयार झाली. सात आठवड्यांत १४ सत्रं, प्रत्येक साधारण ४५ मिनिटांचं. गप्पा, वस्तू ओळखणं, जुन्या गोष्टी, खेळ, पैशांचे हिशेब. २००३ मध्ये २०१ जणांवरची चाचणी प्रसिद्ध झाली आणि सौम्य ते मध्यम आजारात फायदा दिसला. पुढे चेन्नईच्या 'स्कार्फ' संस्थेने भारतासाठी तिचं रूपांतर केलं, टांझानियातही काम झालं. माझ्या डोक्यात होतं की हे मराठवाड्यातल्या, कधी शाळेत न गेलेल्या म्हाताऱ्यांसाठी करायचं. जात्यावरच्या ओव्या, बियाणं निवडणं, बाजारहाट, नातीगोती. सत्रांचा आराखडा मी एका रविवारी लिहून काढला आणि मला वाटलं, झालं काम.

मग पैसे कोण देतं याचा शोध सुरू झाला. नव्याने या वाटेवर येणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून हे जरा सविस्तर सांगते. सगळ्यात सरळ दार आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं. त्यांच्या बहिर्गत संशोधन योजनेतलं 'छोटं' अनुदानच २ कोटींपर्यंत जातं. आमच्यासारख्यांना तो आकडा ऐकूनच धाप लागते. खासगी संस्थांकडे मात्र डीएसआयआरची (केंद्राच्या विज्ञान आणि औद्योगिक संशोधन विभागाची) मान्यता आहे का, हे आधी विचारलं जातं. आमच्याकडे होती, पण तिची मुदत संपत आलेली. ती नव्याने घेण्यातच एक पावसाळा गेला. 'सर्ब' हे संशोधनाला पैसे देणारं केंद्राचं मंडळ आता अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानात विलीन झालंय, तिथल्या नवोदितांच्या अनुदानाला वयाची अट ४२, बायकांना सूट धरून ४५, आणि मी ४७ ची. बायरॅक या जैवतंत्रज्ञानाच्या सरकारी संस्थेचं 'बिग' अनुदान ५० लाखांपर्यंतचं, पण ते बाजारात जाऊ शकेल अशा वस्तूसाठी. ओव्यांचं पेटंट कोण घेणार?

परदेशातही पैसे आहेत. अमेरिकेतली अल्झायमर्स असोसिएशन आणि ब्राइटफोकस फाउंडेशन बाहेरच्या देशांतल्या संशोधकांचेही अर्ज घेतात. अल्झायमर्स ड्रग डिस्कव्हरी फाउंडेशन तर मुख्यतः औषध शोधण्यासाठी आहे. पण आमच्या ट्रस्टला परदेशी देणगी घ्यायची तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरवावा लागतो. शिवाय परदेशी निधीच्या आरोग्य संशोधनाला आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी. आमच्या सचिवांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "मॅडम, देशातच बघा."

देशात बघितलं. ज्या संस्थेने शेवटी पैसे दिले तिचं नाव घेत नाही, कारण पुढे मी थोडी कुरकुर करणार आहे.

तर शेरा. त्या आठवड्यात मी माझीच चाचणी घेऊन धारूर तालुक्यातल्या एका गावात गेले. चाचणी १९७५ पासून जगभर वापरतात तीच, ३० गुणांची. (तिचे हक्क एका कंपनीकडे आहेत, दर वापराला पैसे मोजावे लागतात. माझ्या पहिल्या बजेटमध्ये ही रक्कमच नव्हती.) गावातल्या आशाताईंनी (आशा स्वयंसेविकेने) एका ओसरीवर पाच-सहा आज्या बसवल्या होत्या. पहिल्या आजीला विचारलं, आज तारीख काय? ती म्हणाली, "तारीख कशाला पाहिजे? उद्या बाजार हाय." साल? "ते लेकराला इचारा." शंभरातून सात वजा करत जा म्हटल्यावर ती हसली. मग कागदावरची सूचना वाचून तसं करायचं, एक वाक्य लिहायचं, दोन पंचकोन काढायचे. तिने पेन हातात धरलं ते विळा धरतात तसं. चाचणीच्या हिशेबाने बाईला आजार निघाला. त्याच बाईने त्यानंतर मला, बहात्तरच्या दुष्काळात ती कोणत्या रस्त्यावर खडी फोडायला होती, हप्त्याला किती मजुरी मिळायची, सुकडी कोण वाटायचं आणि तेव्हा पोटात कोणतं लेकरू होतं, ते क्रमवार सांगितलं. सून मधेच म्हणाली, घरातले सगळे पैसे अजून आत्याच सांभाळतात.

शेजारी बसलेली दुसरी आजी गोड बोलत होती, मान डोलवत होती. तिला गुण जवळपास तेवढेच. पण ती तिसऱ्यांदा मला विचारत होती, "तू कुणाची गं?"

या दोघींना सारखे गुण देणारी चाचणी घेऊन मी उपचार तपासायला निघाले होते.

मग दीड महिना वाचन. कळलं की हा घोळ माझ्या आधी लोकांनी निस्तरलाय. हरियाणातल्या बल्लभगडला नव्वदच्या दशकात निरक्षरांसाठी हिंदी चाचणी तयार झाली. त्यात वाक्य लिहायचं नाही, तोंडी सांगायचं. आयसीएमआरने चाचण्यांचा एक संच बांधला, तो हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत. यादीत मराठी शोधताना मला शाळेच्या निकालात आपला नंबर शोधल्यासारखं झालं. कर्नाटकात कोलारजवळ श्रीनिवासपूरच्या गावांत बंगळुरूचं मेंदू संशोधन केंद्र वर्षानुवर्षं ज्येष्ठांचा पाठपुरावा करतंय. आणि देशाचा आकडा, साठीपुढच्यांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, त्यातही प्रमाण बायकांत आणि खेड्यांत जास्त. माझी ओसरी त्या आकड्यात बसत होती. तिला मोजायची पट्टी तेवढी माझ्याकडे नव्हती.

दुसरं प्रपोजल उलटं लिहिलं. पहिला टप्पा मोजपट्टीचा: २४० ज्येष्ठ, निम्मे निरक्षर, मराठवाडी बोलीतली चाचणी, आणि प्रत्येकाची तज्ज्ञाकडून स्वतंत्र तपासणी, म्हणजे चाचणी खरं बोलते का ते कळेल. दुसरा टप्पा उपचाराचा: ६० जण, अर्ध्यांना सत्रं आधी, अर्ध्यांना नंतर. वार उलटे म्हणायला लावायचे, शंभरची नोट देऊन बाजाराचा हिशेब विचारायचा, सालाऐवजी ऋतू आणि चालू सण. वय काढायला सनावळी केली: रझाकार आठवतात का, बहात्तरला लेकरं किती, ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाला सून घरात आली होती का. जन्मदाखला नसलेल्या माणसाचं वय असंच निघतं. आधारवर तर निम्म्या गावाची जन्मतारीख १ जानेवारी आहे.

आमच्या पीएसएम (सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागातल्या संख्याशास्त्राच्या सरांनी विचारलं, "सत्रांनी किती फरक पडेल असं धरलंय?" मी म्हटलं, "बराच." ते म्हणाले, "बराच हा आकडा नाही." त्यांच्यासोबत चार दुपारी बसले. प्रपोजल लिहायच्या आधी संख्याशास्त्रज्ञाकडे जायचं, लिहून झाल्यावर सहीसाठी नाही, हे तेव्हा शिकले.

खरा पेच मात्र कॅलेंडरचा निघाला. स्मृतिभ्रंशाचं निदान नुसत्या पेशंटवरून होत नाही. रोज सोबत राहणाऱ्या माणसाने सांगावं लागतं की आधी काय जमायचं आणि आता काय जमत नाही. आणि या गावांतला तो माणूस दसऱ्याच्या सुमारास ऊसतोडीला जातो. मुकादमाची उचल घेतलेली, कोयता पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली नातवंडं. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, सांगायला घरात कुणी नाही. म्हणून वेळापत्रकात लिहिलं, मुलाखती गुढीपाडव्यानंतर ते दसऱ्यापर्यंत, त्यातून पेरणीचा महिना वगळून. पहिल्या प्रपोजलमध्ये मी जानेवारीत सुरुवात दाखवली होती. बीड जिल्ह्यात जन्म काढून!

नैतिकता समितीच्या बैठकीत वकील सदस्याने नेमका प्रश्न विचारला: पेशंटला समजलंय की नाही हे कोण ठरवणार? उत्तर आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. कुटुंबातल्या अधिकृत व्यक्तीची लेखी संमती, शिवाय पेशंटचा स्वतःचा होकार, आणि अंगठा असेल तर त्रयस्थ साक्षीदार. कागदावर सोपं. पण आज्या अंगठा म्हटलं की दचकतात. "जमीन तर न्हाई ना घेत?" एकीने विचारलं. संमतीपत्र आम्ही तीनदा लिहिलं; शेवटचं आशाताईंनी सांगितल्याप्रमाणे, पहिलंच वाक्य 'यात जमिनीचा, पगारीचा काही संबंध नाही' असं. (पगार म्हणजे निराधार योजनेचे पैसे.) समितीतल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांना ते वाक्य अशास्त्रीय वाटलं. ठेवलंच. सत्रांच्या टप्प्याची सीटीआरआयवर (देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत) नोंदणी पहिला पेशंट घेण्याआधी लागते, तीही केली.

बजेट ३८ लाखांचं मागितलं, ३१ मंजूर झालं. परदेशातल्या परिषदेचा खर्च कापला, योग्यच केलं. पण जीपचं भाडंही अर्धं कापलं, आणि ते कापणाऱ्याने धारूरचा घाट एकदा एसटीने चढून बघावा एवढीच माझी विनंती. मानसशास्त्रज्ञाच्या पदासाठी तीनदा जाहिरात दिली. ठरलेल्या पगारात इकडे यायला कुणी तयार होईना. शेवटी नांदेडहून एक मुलगी आली, ती टिकली.

मंजुरीचं पत्र आलं तेव्हा मी पेढे वाटले, ते घाईचं ठरलं. पत्र आणि पैसा यांत पाच महिने गेले. वेगळं बचत खातं, पोर्टलवरची खात्याची जुळणी, संस्थाप्रमुखांची सही ज्या नावाने आहे ते नाव आणि पोर्टलवरचं नाव यांतला एका काना-मात्रेचा फरक. हप्ता आला मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. लगेच आमच्या हिशेब विभागातून निरोप, वर्ष संपतंय, खर्च दाखवा. सहा दिवसांत काय खर्च दाखवू? न खर्चलेली रक्कम पुढे नेण्याची परवानगी, उपयोगिता प्रमाणपत्र, सनदी लेखापालाचा शिक्का, आणि खात्यावर साठलेलं १,३१२ रुपये व्याज परत पाठवल्याची पावती. ती पावती मिळवायला जेवढे फोन केले, तेवढे पेशंट मिळवायलाही करावे लागले नाहीत.

आता पहिला टप्पा अर्ध्यावर आहे. २४० पैकी १२९ चाचण्या झाल्या. 'तू कुणाची गं' विचारणाऱ्या आजी आणि सुकडीवाल्या आजी यांच्या गुणांत आता नऊचं अंतर पडतं. यावर मी जाम खूश आहे, पण दोन आज्यांवरून काही सिद्ध होत नाही हे सरांनी लगेच सुनावलं.

यंदा मुकादमांनी टोळ्या नवरात्रातच हलवल्या. सतरा घरांची मुलाखत राहिली. नांदेडची मुलगी रात्री साडेनऊनंतर फोन लावते, तेव्हा कोपीवर, ऊसतोड्यांच्या झोपडीत, चूल विझलेली असते आणि बोलायला माणूस सापडतो. फोनवरची मुलाखत ग्राह्य धरायची का, हे नैतिकता समितीला विचारलंय, आणि चार महिन्यांच्या मुदतवाढीचा अर्ज आज टाइप करतेय. त्यात 'कारण' या रकान्यात २०० अक्षरांचीच जागा आहे. ऊसतोड एवढ्यात बसवायची आहे.