पदर, बोर्ड आणि नाग नदी

आमच्या वर्गातल्या स्मार्ट बोर्डाला माझं बोट कळतं तसा माझा पदरही कळतो. म्हणजे मी भारताच्या नकाशावर छोटा नागपूर दाखवायला हात वर करते, तिकडे डाव्या खांद्यावरचा पदर अरबी समुद्राला टेकतो, आणि बोर्डाला वाटतं बाईंनी दोन बोटं लावली, झूम पाहिजे असेल. लगेच अख्खा भारत फुगून बाहेर जातो. मागून आठवीचा वर्ग एका सुरात, "मॅडम पदर, पदर!" आता मी शाळेत येतानाच पदराला पिन लावते, पण बांगड्यांचं काय करायचं ते अजून कळलेलं नाही.

नंतर समजलं की काचेला स्पर्श वगैरे काही कळतच नाही. बोर्डाच्या कडेची जी काळी पट्टी असते ना, तिच्यातून न दिसणारे इन्फ्रारेड किरण आडवे-उभे सोडलेले असतात, त्यांच्या मधे जे आलं ते बोट. डस्टर आलं तरी बोट, माशी बसली तरी कधीकधी बोट. आणि त्या पट्टीवर थेट ऊन पडलं की त्याचं डोकं फिरतं. आता नागपुरात ऊन नको म्हणून कसं चालेल? मार्चमधे सकाळची शाळा झाली तरी आमच्या पूर्वेच्या खिडकीतून जे ऊन येतं ना बाप्पा, बोर्ड आपल्या मनानेच रेघोट्या मारत बसतो. खिडकीला पडदा लावून द्या म्हणून अर्ज दिलाय.

ट्रेनिंग झालं होतं, नाही असं नाही. एक तरुण मुलगा आला, भराभरा सगळं दाखवलं, चहा-समोसा झाला, "काही डाऊट असला तर विचारा मॅडम" म्हणून गेला. डाऊट यायला आधी थोडं तरी कळावं लागतं! खरं शिकवलं ते शेवटच्या बेंचवरच्या एकाने, जो भूगोलाच्या तासाला एरवी मान वर करत नाही. "मॅडम, थे वरचे तीन टिंब दाबा ना... थे नाई, त्याच्या बाजूचे." आता बोर्ड अडकला की वर्ग आपोआप त्याच्याकडे बघतो आणि तो अगदी सावकाश, भाव खात उठतो. खाऊ दे.

पुस्तकात क्यूआर कोड आहेत, पण मुलांना शाळेत मोबाईल आणायची बंदी, त्यामुळे ते चौकोन मुलं पेनाने गिरवून काळे करतात. मग मीच घरी माझ्या फोनवर दीक्षा अ‍ॅप उघडून आधी व्हिडिओ बघते, बरा असला तरच वर्गात लावते. परितेवाडीच्या झेडपी शाळेतल्या ज्या डिसले सरांना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं त्यांनी या क्यूआर कोडवर किती काम केलं, आणि आमच्याकडे त्याला मिशा काढतात.

पण मला खरं खटकतं ते वेगळंच. खडूने नकाशा काढायचे ना, तेव्हा मुलं तो होताना बघायची. कच्छची खाच आली, मग काठियावाड, मग कोकणची सरळ उतरती रेघ, आणि माझा हात जिथे जाईल तिथे चाळीस डोळे मागे. बोर्डावर नकाशा एकदम येतो, नद्या-डोंगर-रंग सगळं घेऊन, आणि मुलं एकदा बघतात की झालं, बघून संपला. म्हणून मी आता मुद्दाम लपवते. आधी कोरी बाह्यरेषा लावते, नद्या आपल्या हाताने काढते, वेडीवाकडी का असेना.

आणि एक गोष्ट मात्र खडूला जन्मात जमली नसती. मी गूगल अर्थ लावलं. मुलांनी आधी आपापलं घर शोधलं, ते होऊ दिलं, त्याशिवाय कोणी पुढे जातच नाही. मग अंबाझरी तलावापासून नाग नदी धरली आणि एकेकाला बोलावून बोटाने पुढे न्यायला लावली. सीताबर्डी, महाल, पुढे शहर संपलं, पिवळी नदी येऊन मिळाली, मग कन्हान, कन्हान गेली वैनगंगेला, वैनगंगेला वर्धा मिळून झाली प्राणहिता, आणि सिरोंच्याजवळ गोदावरी. आंध्रात पोचलो तेव्हा घंटा झाली होती, कोणी उठलं नाही. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मंग आमच्या घरामागचा नाला समुद्रात जाते?" हौ म्हटलं, जाते. "आन् त्यातली पन्नी?" पन्नी, म्हणजे प्लास्टिकची पिशवी, तीपण जाते. त्यावर जो गोंधळ झाला तो पुढच्या तासाच्या बाई येईपर्यंत चालला.

आमचे गणिताचे सर बोर्डाला हात लावत नाहीत. लाकडी कंपास घेऊन फळ्यावर वर्तुळ काढतात, आणि भूमितीपुरतं मला त्यांचं पटतं, कंपासचं टोक कुठे रोवलं ते मुलांना दिसलं पाहिजे. फक्त तास संपला की ते डस्टर आमच्या बोर्डाच्या कडेवर झटकतात आणि सगळी भुकटी त्या काळ्या पट्टीत जाऊन बसते. त्यावरून सध्या आमचं बोलणं बंद आहे.