काकूंची दहा बोटं

"अगं, पाय दुखायचे थांबले बघ," काकू म्हणाल्या आणि मला हायसं वाटलं. माझी सगळ्यात मोठी चूक तीच.

दुपारी एकच्या सुमारास आम्ही फिनलंडमधल्या किल्पिसयार्वीच्या गोठलेल्या तळ्यावर उभे होतो. तापमान उणे २६. समोर साना डोंगराच्या माथ्यावर गुलाबी उजेड पडला होता. जानेवारीचा शेवटचा आठवडा म्हणजे ध्रुवीय रात्र, सूर्य उगवतच नाही तो काळ, नुकती सरलेली, त्यामुळे त्या उजेडाचं अप्रूप आमच्या चौदा जणांना फार होतं. जो तो मोबाईल काढत होता आणि थंडीने बॅटऱ्या माना टाकत होत्या.

सकाळी नॉर्वेतल्या ट्रॉम्सोहून निघालो तेव्हा जेमतेम उणे ३ होतं. ट्रॉम्सो ६९ अंश उत्तरेला, पण अटलांटिकचा उबदार प्रवाह किनाऱ्याला लागून जातो, म्हणून तिथलं बंदर हिवाळ्यातही गोठत नाही. पाहुण्यांना वाटतं, हीच आर्क्टिकची थंडी, आणि ती तर सोसवते! खरी थंडी समुद्र मागे पडला की सुरू होते. वाटेत स्किबोटन गावात थांबून आम्ही तिळगूळ वाटला. काकू तिथे फोटोंसाठी चांगल्या भरभर फिरल्या. पुढे दरी चढू लागलो तसा गाडीतला आकडा उतरत गेला: उणे १२, उणे १७, उणे २३.

निघण्याआधी हॉटेलात मी प्रत्येकाचे हातमोजे, टोपी, आतले लोकरी कपडे तपासले होते. पायमोजे मात्र तपासले नव्हते. काकूंनी खाली नेहमीचे सुती मोजे घातले होते, वर दोन लोकरीचे. स्किबोटनला आलेला घाम सुताने धरून ठेवला आणि तीन मोज्यांमुळे बूट इतका आवळला की रक्त फिरायला जागाच उरली नाही.

काकू काय म्हणाल्या ते मी आमच्या स्थानिक गाईडला सहज सांगितलं. त्याचा चेहरा बदलला. "दुखायचं थांबलं? कधीपासून?" एवढंच विचारून त्याने काकूंना जवळजवळ उचलूनच गाडीत आणलं.

बूट निघाला. उजव्या पायाची तीन बोटं मेणबत्तीसारखी पांढरी होती. मी बोट लावलं, तर काकूंना कळलंच नाही. काका घाबरून पाय चोळायला लागले, मागून कुणी बामची बाटली पुढे केली, कुणी म्हणालं हीटरसमोर धरा. आपल्याकडे हेच करतात, मीही केलं असतं. गाईडने सगळ्यांचे हात बाजूला केले. गार पडलेली कातडी चोळली तर आतून फाटते, आणि बधिर पायाला भाजलेलं कळत नाही. त्याने जॅकेट उघडलं, लोकरी सदरा वर केला आणि काकूंचं पाऊल सरळ आपल्या उघड्या पोटावर टेकवलं.

"अहो, नको! पाय कसा लावू मी तुम्हाला?" काकूंनी पाऊल ओढून घ्यायला पाहिलं. त्याला मराठी कळत नव्हतं, त्याने घोटा घट्ट धरून ठेवला. काकूंनी हात जोडले आणि त्या तशाच बसून राहिल्या. मी मनात हिशेब करत होते: ट्रॉम्सोचं रुग्णालय अडीच तासांवर, वाटेत घाट, बर्फ पडायला लागलं तर रस्ता बंद.

वीसेक मिनिटांनी काकू कळवळल्या. बोटांत सुया टोचल्यासारखं होत होतं, डोळ्यांतून घळाघळा पाणी. गाईड मात्र पहिल्यांदाच हसला. पांढऱ्यावर आधी डाग-डाग उमटले, मग लाली पसरली. कातडीच्या खालपर्यंत गोठलं नव्हतं. अजून अर्धा तास तळ्यावर काढला असता तर काय, हा विचार आजही नकोसा वाटतो.

परतीच्या वाटेवर गाईडने एकदा गाडी थांबवून आतले दिवे घालवले. बाकीचे आकाशातला हिरवा ध्रुवीय प्रकाश बघायला खाली उतरले. काकू माझे कोरडे लोकरी मोजे घालून खिडकीतून बघत होत्या, मी त्यांच्याजवळ.

रात्री त्यांच्या खोलीत गेले. काकूंना डोळे मिटायला सांगितलं आणि एकेका बोटाला टोक न काढलेल्या पेन्सिलीने हलकेच टोचत गेले.

"कळतंय."

"हे?"

"कळतंय गं."

दहाही बोटं झाली, तरी मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.