स्टेंट बसल्यावर मागाकडं परत

दवाखान्यातून सोडताना दिलेल्या कागदावर गोळ्यांची यादी होती आणि खाली एक ओळ, 'जड वजन उचलू नये'. आम्ही बेळगावच्या वडगावात पॉवरलूम चालवणारी माणसं. भरलेला बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला जड रूळ, दोघातिघांनी मिळून मागावर चढवायचा असतो, त्यामुळं जड म्हणजे किती हे डॉक्टरांना विचारूनच घेतलं. ते म्हणाले, पहिला आठवडा भरलेली घागरसुद्धा नाही. हे माप कळलं.

मला हार्टचा झटका आला होता. अँजिओग्राफीत हृदयाची एक शीर जवळजवळ बंद दिसली, लगेच अँजिओप्लास्टी करून स्टेंट बसवला. तार उजव्या मनगटातून घातली होती. घरी आल्यावर मनगटापासून कोपरापर्यंत हात काळानिळा पडला. ते रक्त कातडीखाली पसरलेलं असतं, आपोआप जिरतं. गाठ वाढत गेली किंवा रक्त वाहायला लागलं तर मात्र जागा घट्ट दाबून धरायची आणि दवाखाना गाठायचा, बोटं गार पडून मुंग्या यायला लागल्या तरी लगेच दवाखाना, असं नर्सबाईंनी निम्मं कन्नडात, निम्मं मराठीत दोनदा सांगितलं होतं.

बघायला येणाऱ्यांचा हिरमोड झाला तो त्या मनगटामुळंच. 'हार्टचं ऑपरेशन' ऐकून आलेली माणसं आधी माझ्या छातीकडं बघायची. आत्यानं तर विचारलंच, "टाके कुठं हाईत रं? का नुसतंच बिल केलं?" छाती उघडून करतात तो बायपास वेगळा, हे वेगळं, हे सांगून सांगून दमलो. येताना प्रत्येकाच्या हातात शहाळं आणि तोंडात सल्ला. कुणी लसणाचा काढा आणला, कुणी अर्जुनाची साल. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना विचारल्याशिवाय असलं काही घ्यायचं नाही, म्हणून बायकोनं सगळं गोड बोलून फळीवर ठेवून दिलं.

गोळ्यांचं मात्र नीट समजून घेतलं पाहिजे. स्टेंट म्हणजे जाळीची बारीक नळी. तिच्यावर आतलं अस्तर धरेपर्यंत तिथं रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. म्हणून अ‍ॅस्पिरिन आणि जोडीला दुसरी गोळी, मला टिकॅग्रेलॉर, सकाळ-संध्याकाळ. झटका आलेल्याला ही जोडी साधारण वर्षभर देतात. बरं वाटतंय म्हणून मनानं बंद केली तर स्टेंटच बंद पडू शकतो. रात्रीची अ‍ॅटोरव्हास्टॅटिन कोलेस्टेरॉलसाठी, ती तर कायमचीच.

या टिकॅग्रेलॉरनं मला घाबरवलं. अंथरुणावर पडलं की श्वास पुरत नाही, एक दीर्घ श्वास ओढून घ्यावासा वाटायचा. परत शीर भरली की काय, हा विचार डोक्यातून जाईना. डॉक्टरांनी ईसीजी काढला, ऑक्सिजन बघितला, सगळं ठीक. म्हणाले, काहींना या गोळीनं असं होतं. थांबून बघू, नाहीच कमी झालं तर गोळी बदलू, पण तुम्ही ती सोडायची नाही. हळूहळू ते आपोआप कमी झालं. ही गोष्ट सोडतानाच कुणी सांगितली असती तर माझ्याबरोबर घरच्यांचीही झोप वाचली असती.

छातीत बारीक चमक आली तरी जीव दचकायचा. बोट ठेवून दाखवता येते, दाबलं की दुखते, ती बहुतेक वेळा स्नायूची. चालताना छातीवर दाब आला, तो हातात नाहीतर जबड्यात गेला, घाम सुटला, तर खाली बसून सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली धरायची आणि पाच मिनिटांत उतार नाही पडला तर 108. पुरुषांना एक सांगतो, कारण हे कुणी तोंडानं विचारत नाही. दोन जिने दम न लागता चढता आले की संसार पहिल्यासारखा करायला बहुतेकांना हरकत नसते. फक्त सॉर्बिट्रेट जवळ बाळगणाऱ्यानं व्हायग्रासारख्या ताकदीच्या गोळ्यांच्या वाटेला जायचं नाही, बीपी एकदम खाली जातं.

त्यात आषाढ, म्हणजे आमच्याकडं मंगाई देवीची जत्रा. घर पाहुण्यांनी भरलेलं, चुलीवर मटणाचा रस्सा. मला भाकरी, मुगाची आमटी आणि वाटीच्या तळाला मटणाचे दोन तुकडे, तेही तर्री काढून. मटणापेक्षा लोणचं-पापड सुटल्याचं दुःख जास्त झालं, कारण मीठ कमी करायचं म्हणजे आधी तेच जातं.

बेळगावचा पाऊस असा की फिरायला व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर जायची सोय नाही. मग दुपारी माग बंद असताना शेडमध्येच येरझाऱ्या सुरू केल्या. आधी पाच मिनिटं, मग दहा, बोलता येईल इतक्याच वेगानं. बायको दारात उभी, "अवो, बसा की जरा." पण मी डॉक्टरांच्या बाजूचा. बसवून ठेवण्याच्या मायेनं माणूस उलट खचतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

महिन्याभरानंतर कांड्या भरण्यासारखं बैठं काम मिळालं, पुढं तपासणी झाल्यावर एक माग. बीम पोरगा आणि शेजारी चढवतात. मागावर उभं राहून कंबर धरली की आमच्यातला जो तो मेडिकलमधून पेनकिलर आणतो. मला त्या बंद, रक्तस्रावाचा धोका वाढतो म्हणून. लागलीच तर पॅरासिटामॉल. सध्या एक दाढ त्रास देतेय. दातांच्या डॉक्टरांनी काढायच्या आधी हार्टच्या डॉक्टरांची चिठ्ठी मागितलीय, ती आणायला सोमवारी जायचं आहे.