आधी काय? मग काय?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून पाठवा, असं शाळेचं पत्र आलं आणि पहिल्यांदा आठवली ती विज्ञानाच्या बाईंची लाल पेन्सिल. प्रयोगवहीच्या समासात त्या दोनच प्रश्न लिहायच्या: ‘आधी काय? मग काय?’

पानातल्या स्टार्चचा प्रयोग आमच्या तुकडीला आठवत असेलच. एका गटाने जास्वंदीच्या हिरव्यागार पानावर थेट आयोडीन ओतलं आणि काहीच घडलं नाही. बाई रागावल्या नाहीत. दुसरं पान आणवलं. ते आधी उकळत्या पाण्यात, मग गरम पाण्यात उभ्या केलेल्या नळीतल्या स्पिरिटमध्ये, मग कोमट पाण्यात आणि शेवटी आयोडीन. प्रत्येक पायरीला ‘का?’ विचारलं. उकळल्यावर पेशी मरतात, म्हणून आयोडीन आत शिरतं. स्पिरिट हिरवा रंग ओढून घेतं, नाहीतर काळसर निळा दिसणार कुठे? स्पिरिटमधून काढलेलं पान कडक होतं, म्हणून कोमट पाणी.

‘आधी काय? मग काय?’ हा बाईंचा प्रश्न ज्या प्रथिनाला अगदी चपखल बसतो, त्या डीएनए सांधणाऱ्या रेक-एबद्दल मुद्दाम लिहिते. १९६५ मध्ये क्लार्क आणि मार्गुलिस यांनी ई. कोलाय जीवाणूचे काही वाण शोधले. बाहेरून आलेला डीएनए त्यांना आपल्या डीएनएत सामावून घेता येत नव्हता, आणि अतिनील किरणांत ते पटकन मरायचे. त्यांच्यात बिघडलेलं प्रथिन ते हे, ३५२ अमिनो आम्लांचं. तुटलेल्या डीएनएच्या एकेरी धाग्यावर त्याचे रेणू एकाशेजारी एक बसत मळसूत्र तयार होतं. एका रेणूच्या वाट्याला डीएनएची तीन अक्षरं (न्यूक्लिओटाइड), एका वेढ्यात साधारण सहा रेणू, आणि धागा दीडपट ताणलेला. हे मळसूत्र शाबूत प्रतीत आपल्या जोडीचा मजकूर शोधतं आणि तिच्या आधाराने तुटलेलं सांधलं जातं.

हेच नळीत करून पाहायचं तर फाय-एक्स-१७४ या विषाणूचा ५३८६ अक्षरांचा एकेरी गोल डीएनए घेतात. तो पूर्ण झाकायला रेक-एचे सुमारे १८०० रेणू लागतात. मॅग्नेशियम असलेल्या द्रावणात ३७ अंशांवर आधी रेक-ए, मग एटीपी (पेशीचं इंधन) आणि एसएसबी (एकेरी धाग्याला चिकटणारं प्रथिन), आणि सर्वांत शेवटी दुपदरी सरळ डीएनए. एसएसबी आधी घातलं तर ते धागा घट्ट पकडून बसतं आणि रेक-एला जागाच मिळत नाही. एसएसबी घातलंच नाही, तर धागा स्वतःवरच दुमडून गाठी पडतात आणि मळसूत्र जागोजाग तुटतं. दोन्ही चुकांत जेलवर (विजेच्या साहाय्याने डीएनए आकारानुसार वेगळे करणारा थर) उत्पादनाची, म्हणजे जुळलेल्या डीएनएची, पट्टी जवळजवळ दिसत नाही. तिसरी चूक नेहमीची: एटीपी पुन्हा भरून काढणारं क्रिएटिन फॉस्फेट आणि त्याचं विकर विसरणं. मग एटीपी वापरून उरलेलं एडीपी साचतं आणि मळसूत्र सुटायला लागतं. जेलवर चढवण्यापूर्वी एसडीएस (साबणासारखं रसायन) आणि प्रोटीनेझ-के (प्रथिनं तोडणारं विकर) घालून प्रथिनं काढावीच लागतात, नाहीतर डीएनए खाचेतच अडकतो.

रेक-ए बिघडलेलं वाण ओळखायची सोपी रीतही क्रमावरच चालते. प्लेटवर जीवाणूंच्या रेघा ओढायच्या, झाकण काढायचं (ते अतिनील किरण अडवतं), अर्धी प्लेट पुठ्ठ्याने झाकायची, अतिनील दिवा लावायचा, आणि लगेच सगळं फॉइलमध्ये गुंडाळायचं. प्लेट उजेडात राहिली तर फोटोलायेझ नावाचं दुसरं विकर त्या उजेडावरच डीएनए दुरुस्त करतं आणि निकाल फसवा येतो.

पेशीत मात्र एसएसबीच आधी बसलेलं असतं! तिथे रेक-ओ, रेक-आर ही मदतनीस प्रथिनं रेक-एला जागा करून देतात. आपल्या पेशींत याच कुळातलं रॅड-५१ आहे, आणि त्याला धाग्यावर बसवायचं काम बीआरसीए-२ करतं. त्यातल्या जन्मजात दोषाने स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. हे वाचून बाईंनी समासात काय लिहिलं असतं, ते मला ठाऊक आहे.

नव्या इमारतीत प्रयोगशाळेच्या जागी पडदा लागलाय, असं कळलं. पडद्यावर पान दरवेळी निळं होतं. आयोडीन आधी ओतून बघायची सोय तिथे नाही. स्पिरिटचे दिवे माडीवरच्या कपाटात अजून असतील तर खाली काढावेत, एवढी विनंती. जास्वंद फाटकापाशी आहेच.